जुना पट्टा

माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी सिरसाळ्याचा. परळीहून बीडकडे निघालं की रस्त्यात आमचं गाव लागतं. आपला ताफाही कधी ना कधी इथून गेला असेल, काचा वर करून. गावात माझी पिठाची गिरणी आहे. एकतीस वर्षं झाली, ज्वारी, बाजरी, गहू दळतोय. दळण होईस्तोवर बसायला बाकडं ठेवलंय आणि बाकड्यावर रोजचा पेपर. तो आधी मी वाचतो, मग गाव वाचतं. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर पिठाची साय धरते.

त्या पेपरातलं एक वाक्य मला पाठ झालंय. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ कधी मोटारसायकलची चोरी असते, कधी घरफोडी, कधी बॉम्बस्फोट. ठाणं बदलतं, वार्ताहर बदलतो, वाक्य तेच राहतं. बाकड्यावरचा माणूस ते मोठ्यानं वाचतो आणि वर म्हणतो, ‘चौदावं रत्न दाखवल्याबिगर बोलतात व्हय हे?’ बाकीचे माना डोलावतात. मीही डोलावायचो.

माझा पुतण्या अंबाजोगाईला वकिली करतो. एकदा दिवाळीत आला होता. त्यानं पेपर उचलला, त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाला, ‘काका, यात दोन कबुल्या आहेत. एक चोराची, एक पोलिसाची. आत फक्त चोर गेलाय.’ मग त्यानं समजावून सांगितलं. कबुली काढण्यासाठी मारणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, आजचा नाही, 1860 पासूनचा. भारतीय दंडसंहितेचं कलम 330. सात वर्षांपर्यंत कैद, आणि दुखापत गंभीर असेल तर कलम 331 खाली दहा वर्षांपर्यंत. आता नव्या न्याय संहितेत तेच कलम 120 झालंय. इंग्रजानं ते कलम लिहिलं तेव्हा खाली समजायला उदाहरणं दिली. त्यातलं पहिलंच उदाहरण कबुलीसाठी छळ करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचं आहे. दरोडेखोराचं नाही, सावकाराचंही नाही.

तेव्हापासून एक ठसठस मनात आहे, तीच आपल्यापुढे मांडतो. कायदा आहे, त्यात पोलिसाचं उदाहरण आहे, पेपरात रोज कबुली छापून येते. मग गुन्हा कुणावर नोंदत का नाही?

पुतण्या म्हणाला, ‘नोंदला तरी पुढं सही लागते.’ सरकारी नोकरानं कामाच्या ओघात केलेल्या गोष्टीसाठी त्याच्यावर खटला भरायचा तर सरकारची मंजुरी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम 197 होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 218 आहे. मंजुरी म्हणजे आपल्या खात्याच्या फाईलवरची एक सही. म्हणून हे पत्र त्या सहीला आहे, आणि ज्या खुर्चीत बसून ती होते किंवा होत नाही त्या खुर्चीला आहे. त्या खुर्चीत आजवर सगळ्या पक्षांचे लोक बसून गेले. तेव्हा कुणी हे एकट्यावर घेऊ नये आणि कुणी सुटलो असंही समजू नये.

परभणी आम्हाला लांब नाही. सोनपेठ ओलांडलं, गोदावरी उतरली की आलीच. तिथला ख्वाजा युनूस नावाचा 27 वर्षांचा इंजिनिअर डिसेंबर 2002 मध्ये घाटकोपरच्या बसस्फोटाच्या तपासात ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली पकडला गेला. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी सांगितलं, त्याला औरंगाबादला नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सोबत पकडलेल्या एका डॉक्टरनं न्यायालयात वेगळंच सांगितलं: कोठडीत त्याला पट्ट्यानं छातीपोटावर मारताना मी पाहिलं, तो रक्त ओकत होता. उच्च न्यायालयानं सीआयडीकडे तपास दिला. पळून जाण्याची गोष्ट खोटी आणि माणूस कोठडीतच मेला, असा सीआयडीचा निष्कर्ष निघाला. सीआयडीनं चौदा पोलिसांवर बोट ठेवलं. आपल्या खात्याची सही मिळाली ती चौघांपुरती. मृतदेह आजवर मिळाला नाही. ज्या स्फोटासाठी त्याला धरलं होतं, त्या खटल्यातले बाकीचे आरोपी 2005 साली निर्दोष सुटले.

हे चौघेही गुन्हेगारच, असं मी म्हणत नाही. ते ठरवायला न्यायालय आहे. माझं गाऱ्हाणं असं की वीस वर्षांहून जास्त काळ लोटला तरी ते ठरू दिलेलं नाही. मंजुरी चौघांपुरती दिली तेव्हा आघाडीचं राज्य होतं. 2018 मध्ये विशेष सरकारी वकिलांनी आणखी चार अधिकाऱ्यांना आरोपी करा म्हणून अर्ज केला आणि थोड्याच दिवसांत त्या वकिलांनाच खटल्यातून बाजूला केलं. तेव्हा युतीचं राज्य होतं. 2020 च्या जूनमध्ये, कोरोनात मनुष्यबळ कमी पडतंय म्हणून, याच खटल्यातले आरोपी सचिन वाझे पुन्हा खाकीत आले. तेव्हा महाविकास आघाडीचं राज्य होतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि सगळा महाराष्ट्र तोंडात बोट घालून बघत राहिला. तीन राज्यं आली नि गेली. ख्वाजा युनूसची परभणीची आई मात्र तेवढी वर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिली.

आता 2025 चा जुलै घ्या. त्या महिन्यात माझ्या बाकड्यावर पेपर पुरत नव्हता.

21 जुलैला उच्च न्यायालयानं मुंबईच्या लोकलगाड्यांमधल्या 2006 च्या स्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. खाली पाच जणांना फाशी झाली होती, सात जणांना जन्मठेप. फाशीवाल्यांतला एक तर निकालाआधीच नागपूरच्या तुरुंगात मेला होता. 11 जुलै 2006 च्या त्या संध्याकाळी 180 हून जास्त माणसं गेली, आठशेच्या वर जखमी झाली. न्यायालयानं म्हटलं, कबुलीजबाब छळ करून घेतल्याचं आरोपींनी दाखवून दिलंय, आणि वेगवेगळ्या माणसांच्या जबाबांतला मजकूर एकमेकांतून उतरवल्यासारखा सारखा आहे. तीन दिवसांत आपलं सरकार सर्वोच्च न्यायालयातून स्थगिती घेऊन आलं. सुटलेल्यांना परत आत जावं लागलं नाही, पण निकालाचा दाखला दुसरीकडे देता येणार नाही, एवढं झालं.

31 जुलैला 2008 च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातले सातही जण सुटले. त्यांतल्या प्रज्ञासिंह ठाकूर आणि कर्नल पुरोहित वर्षानुवर्षं सांगत आले होते की तपासात आमचा छळ झाला. या वेळी सरकार पक्षाची तशी धावपळ दिसली नाही. उच्च न्यायालयात गेले ते मेलेल्यांचे घरचे.

दहा दिवसांच्या अंतरानं आलेले हे दोन निकाल माझ्या बाकड्यावर शेजारी शेजारी पडले होते. 21 तारखेला ‘छळ-बिळ काही नसतं, हे सुटायचे बहाणे’ म्हणणारा माणूस 31 तारखेला ‘बिचारीचे काय हाल केले’ म्हणत होता. 31 तारखेला ‘नाटकं’ म्हणणारा 21 तारखेला डोळे पुसत होता. दोघंही माझी गिऱ्हाइकं, दोघांचंही दळण मी दळलं. आधी नाव बघायचं आणि मग दुखतंय का ते ठरवायचं, अशी ही पद्धत. गावातल्या माणसाचं मी समजू शकतो. पण विधिमंडळात आणि टीव्हीवर आपल्या पक्षांनी वेगळं काय केलं? छळ झाला असेल तर कुणाचाही झाला म्हणून चौकशी करा, असं दोन्हीकडच्यांसाठी एका दमात बोललेला नेता मला त्या महिन्यात पेपरात दिसला नाही. त्याचंच जास्त लागलं.

माझ्या धंद्यातली एक म्हण आहे: जात्यातले रडतात, सुपातले हसतात. तुम्ही राजकारणी सगळे आळीपाळीनं सुपात आणि जात्यात असता. आज सुपात बसून हसणाऱ्याला जातं दिसत नाही, पण गिरणीवाल्याला माहीत असतं की सुपातला प्रत्येक दाणा जात्यात पडायचाच आहे.

मला पोलिसांचा राग आहे असं समजू नका. गेवराई आमच्याच जिल्ह्यातली. तिथला जबीउद्दीन अन्सारी, ज्याला सगळे अबू जुंदाल म्हणतात, औरंगाबाद शस्त्रसाठ्याच्या खटल्यात 2016 साली दोषी ठरला आणि जन्मठेपेला गेला. म्हणजे आमच्या जिल्ह्यातून तसलं कुणी निघालंच नाही, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पुण्याच्या जर्मन बेकरीच्या स्फोटात 17 जण गेले. त्यात बीडच्याच हिमायत बेगला खाली फाशी झाली. 2016 मध्ये उच्च न्यायालयानं स्फोटाच्या कटातून त्याला सोडलं आणि स्फोटकं बाळगल्याबद्दल जन्मठेप ठेवली. मी काही वकील नाही, पण एवढं कळतं की खरं-खोटं असं निवडावं लागतं, ज्वारीतून खडा निवडावा तसं. सगळं एकदम जात्यात ओतलं की खड्याचंही पीठ होतं. मग ते पीठ कुणाला खाऊ घालणार? लोकलमध्ये ज्यांची माणसं मेली त्यांना? एकोणीस वर्षं त्यांना सांगत होतात, गुन्हेगार सापडले. आज त्यांनी कुणाकडे बघायचं? मारून घेतलेल्या कबुलीत आरोपी तर भरडला जातोच, पण ज्यांच्यासाठी म्हणून मारलं त्यांच्याही पदरात शेवटी भुसाच पडतो.

आणि दुसऱ्या बाजूला तुकाराम ओंबळे बघा. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबची बंदूक धरली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत हाती लागला. पुढं त्याला वकील मिळाला, खटला चालला, साक्षीदार उभे राहिले, कॅमेऱ्यातली दृश्यं दाखवली गेली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो निकाल टिकला आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात त्याला फाशी झाली. महाराष्ट्राला खरा अभिमान वाटावा असं पोलिसाचं काम ते आहे. एका सहायक फौजदारानं जीव देऊन जे मिळवून दिलं, ते बंद खोलीतल्या पट्ट्यानं कधी मिळालं नसतं.

हे दुखणं आपल्याच घरचं आहे असंही नाही. अमेरिकेत 2001 नंतर सीआयएनं संशयितांना पाण्यात गुदमरवलं, दिवसचे दिवस झोपू दिलं नाही. 2005 मध्ये चौकशीच्या 92 चित्रफिती नष्ट केल्या आणि त्यासाठी कुणावर खटला झाला नाही. 2009 मध्ये राज्य बदललं तेव्हा तिथंही हाच वाद पेटला, अधिकाऱ्यांवर खटले भरायचे की नाही. नव्या अध्यक्षांनी मागं बघण्यापेक्षा पुढं बघू म्हटलं. 2014 च्या डिसेंबरात त्यांच्याच सेनेटच्या समितीनं हे सगळं अहवालात मांडलं, तरी वरच्या कुणाला हात लागला नाही. या प्रकरणावर उघड बोललेला एक माजी अधिकारी मात्र 2013 साली तुरुंगात गेला, गुप्त अधिकाऱ्याचं नाव पत्रकाराला सांगितलं म्हणून. पण तिथं निदान मोठ्यानं भांडण तरी झालं. आपल्याकडे ते फाईलवरच विझतं. जगानं छळाविरुद्ध जो करार केला, त्यावर भारतानं 1997 मध्ये सही केली. तो पक्का करायचा अजून राहिलाय. त्यासाठीचं विधेयक 2010 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि तिथंच विरलं. विधी आयोगानं 2017 मध्ये पुन्हा सांगितलं, कायदा करा. तोही कागद कुठल्या तरी कपाटात असेल.

आणि असं समजू नका की दहशतवाद्यासाठी सैल सोडलेला हात दहशतवाद्यापाशीच थांबतो. डिसेंबर 2024 मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला आणि 15 डिसेंबरला कोठडीत मेला. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमांची नोंद झाली. गुन्हा नोंदवा, हे सांगायला जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश काढावा लागला. त्याविरुद्ध आपलं सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 30 जुलैला तिथंही हरलं. स्वतःच्याच कायद्याखाली गुन्हा नोंदू नये म्हणून सरकार दिल्लीपर्यंत जातं, हे वाचलं त्या दिवशी माझं दळणात लक्ष लागलं नाही.

आमच्या जिल्ह्यानं मारहाण जवळून पाहिलीय, साहेब. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा 9 डिसेंबर 2024 ला खून झाला. मार्चमध्ये त्यांच्या छळाचे फोटो बाहेर आले, बायाबापड्या रडल्या, आमच्या परळीच्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्या दिवशी बाकड्यावर कुणाच्या घशाखाली चहा उतरला नाही. पण थोड्याच वेळात त्याच बाकड्यावरून आवाज आला, ‘आता पोलिसांनी पण ह्यांना असंच मारलं पाहिजे, आणि फोटो काढले पाहिजेत.’ सगळे ‘बरोबर, बरोबर’ म्हणाले. मी मोटर चालू केली, म्हणजे पुढचं ऐकू येणार नाही.

आता माझ्याबद्दल सांगतो, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्यानं स्वतःचा हात आधी दाखवावा.

गिरणीचा पट्टा आपण बघितला असेल. कापडाचे थर, मधे रबर, चार बोटं रुंद. मोटरच्या चाकावरून निघतो, जात्याच्या चाकाला फिरवतो. वर्षानुवर्षं फिरून तो नरम पडतो, कडा उसवतात, घसरायला लागतो. थोडे दिवस राळ लावून चालवतो, मग उतरवून टाकतो. असा एक पट्टा 2007 च्या सुमारास माझ्या भिंतीला टांगलेला होता. एक शिपाई आला. कुठल्या ठाण्याचा, ते सांगत नाही. म्हणाला, ‘मामा, जुना पट्टा पडलाय का?’ मला वाटलं, गाडीवर काही बांधायला हवा असेल. त्यानं तो हातात धरून वाकवून पाहिला, दोन हात लांब मोजला, जोडावरच्या लोखंडी क्लिपा काढायला लावल्या. मग म्हणाला, ‘ह्या टोकाला बोटं जातील एवढी चीर द्या.’ मी सुरी आणली आणि चीर दिली. पट्टा गुंडाळून काखेत मारताना हसून म्हणाला, ‘आमच्याकडं ह्याला बाजीराव म्हणतात.’ मीही हसलो. पैसे घेतले नाहीत. सरकारी काम म्हणून फुकट दिला.

तो पट्टा कुणाच्या पाठीवर पडला, मला माहीत नाही. चोराच्या पडला की निरपराधाच्या, की कुणाच्याच नाही. पण त्यानंतर पेपरातलं ते वाक्य आलं की माझ्या हाताला सुरीची मूठ आठवते.

माझ्या हातून एक पट्टा गेला. आपल्या टेबलावरून सही न होता किती फायली गेल्या असतील?

मागणं फार नाही. नव्या कायद्यात म्हणे सरकारनं 120 दिवसांत मंजुरीचा निर्णय घ्यायचा आहे, नाही घेतला तर मंजुरी मिळाली असं धरायचं आहे. तो दिवस उजाडण्याआधी आपण होऊन सही करा. सही करताना आरोपीच्या नावाचा रकाना झाका आणि फक्त वैद्यकीय अहवाल वाचा. ठाण्यात कॅमेरे बसवायला सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलंय, ते नेमके त्याच रात्री बंद पडतात तेव्हा कारण विचारा. ‘मोक्का’ या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात पोलीस अधीक्षकापुढं दिलेली कबुली पुरावा धरतात. पोलिसापुढच्या कबुलीला साक्षीपुराव्याच्या कायद्यानं 1872 मध्ये जो दरवाजा लावला होता, त्याला आपणच 1999 मध्ये खिडकी पाडली. त्या खिडकीतून काय काय आत आलं, ते लोकलगाड्यांच्या निकालात लिहिलंय. शांतपणे एकदा वाचा.

पत्रानं काय होतंय, असं पुतण्या म्हणाला. मग त्यानंच सांगितलं की 1972 साली देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले, तेव्हा 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना असंच अनावृत पत्र लिहिलं. देश ढवळून निघाला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ते विद्वान होते, मी पीठ दळणारा माणूस. पण टपालाचं तिकीट दोघांनाही सारखंच लागतं.

अलीकडे गिरणीचा पट्टा उतरला की मी तो भिंतीला टांगत नाही. त्याच सुरीनं त्याचे वीतभराचे तुकडे करतो. कुणी दाराच्या बिजागरीला नेतं, कुणी चपलेच्या तळाला. मागच्या महिन्यात पुन्हा एकानं विचारलं, ‘मामा, जुना पट्टा?’ मी तुकड्यांची टोपली पुढं केली. त्यानं त्यात हात घालून पाहिलं, काही न बोलता निघून गेला.

आपला,
सिरसाळ्याचा एक गिरणीवाला
ता. परळी वैजनाथ, जि. बीड